परतचा खण

त्या चित्रदालनात आलेल्या मोठ्या माणसांना वाकावं लागे. दार बुटकं नव्हतं, छतही चांगलं उंच होतं. पण चित्रं टांगली होती ती पहिली-दुसरीतल्या मुलांच्या नाकासमोर. मुलं सरळ उभी राहून बघत आणि त्यांचे आईबाप गुडघ्यांवर हात टेकून. कुणी तक्रार केलीच तर दालन सांभाळणारी बाई म्हणे, “पुस्तकं कुणासाठी होती? मग चित्रं कुणाच्या उंचीला लावायची?” यावर कुणाला उत्तर सुचत नसे. कंबर दुखत असली की उत्तरं लवकर सुचत नाहीत.

दालन म्हणजे तरी काय, सायकलच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जन्मभर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या एका माणसाच्या. पहिल्या खोलीत त्याची छापलेली पुस्तकं आणि त्यांची मूळ चित्रं, मधल्या चिंचोळ्या खोलीत शेवटच्या, कधीच न छापलेल्या पुस्तकाची चार चित्रं आणि मागे, खिडकीशी, त्याचं टेबल. टेबलावर इतके रंग सांडून वाळले होते की मूळ लाकूड कुठल्या रंगाचं होतं, हे आता टेबलालाही आठवत नसावं.

हा चित्रकार चित्राखाली सही करत नसे. चित्रात कुठेतरी एक चिमुकली गोगलगाय काढून ठेवी. कधी पानामागे, कधी चपलेच्या टाचेशी. तीच त्याची सही. म्हणून सगळे त्यालाही गोगलगायच म्हणत. त्याच्या प्रकाशकाचं म्हणणं होतं की हे नाव सहीमुळे पडलेलंच नाही. “त्याच्याकडे उन्हाळ्याचं चित्र मागितलं की ते थंडीत हातात पडायचं. आणि घाई कर म्हटलं की नुसता हसायचा. गोगलगाय नि पोटात पाय!”

दालन सांभाळणारी बाई ही त्याची मुलगी. येणारी मुलं तिला चित्रमावशी म्हणत. तिला स्वतःला मात्र चित्र काढता येत नसे. म्हणजे नकाशे येत. उमेदीची सगळी वर्षं तिने दूरच्या एका शहरात जमीनमोजणीच्या कचेरीत काढली होती आणि तिने आखलेली हद्द सहसा कुणी खोटी पाडू शकत नसे.

ती त्या नोकरीला निघाली तेव्हा बापलेकीचं वाजलं होतं. कारण म्हटलं तर हसण्यासारखं. बाबा म्हणाले होते, “नकाशा म्हणजे काय, माणसं पळून गेलेलं चित्र.” ती म्हणाली होती, “आणि तुमची चित्रं म्हणजे पत्ता नसलेली गावं!” शब्दाने शब्द वाढला. शेवटी तिने पिशवी खांद्याला लावली आणि दारातून म्हणाली, “जाते.”

आता, या घरात ‘जाते’ कुणी म्हणत नसे. निघताना ‘येते’ म्हणावं, हा बाबांचा कुणीही न मोडलेला नियम. दूधवाल्यालासुद्धा ते जिन्यावरून परत बोलावून “येतो म्हण” असं सांगत. पण त्या दिवशी ते ब्रश धूत राहिले. तिला वाटलं होतं, हाक येईल. जिना उतरेपर्यंत वाटत होतं.

पुढे वर्षानुवर्षं फोन होत राहिले. जेवलीस का, हवा कशी आहे, कचेरीत ठीक ना. ‘कधी येतेस’ हे त्यांनी विचारलं नाही आणि ‘येऊ का’ हे तिने म्हटलं नाही. दोघं एकाच मातीची, वाकायचं कुणी? सणसमारंभाला, आजारपणात ती येऊन जाई, पाहुणीसारखी. बाबा गेले तेव्हाही ती तिकडेच होती. खोल्या आवरायला म्हणून आली आणि मग राहिलीच.

आवरताना टेबलाच्या वरच्या खणात ती चार चित्रं निघाली. पहिल्यात एक मुलगी घराच्या पायऱ्या उतरतेय. खांद्याला पिवळी पिशवी, केसांत लाल रिबीन. दुसऱ्यात टपालपेटीच्या कोपऱ्यावरून वळतेय. तिसऱ्यात लाकडी पूल. चौथ्यात टेकडीचा माथा आणि पलीकडे उतरू लागलेली, पाठमोरी, अर्धीच दिसणारी ती. झालं. पुढे काही नाही. शब्द तर एकही नाही.

ती चित्रं मावशीने स्वतः टांगली आणि रोज पुसली. आणि रोज पुसताना एकच प्रश्न तिला पडे: बाबांच्या लेखी ती मुलगी टेकडीपलीकडे गेली, ती गेलीच का?

आज या प्रश्नाचा सोक्षमोक्ष लावणं भाग होतं. प्रकाशककाका दुपारी येणार होते. पुस्तक ते छापणार होते आणि मजकूर लिहायचा होता मावशीने. “आज मजकूर दे,” त्यांनी फोनवर बजावलं होतं. “नाहीतर पुस्तक लांबणीवर पडेल, आणि माझं वय काही लांबणीवर टाकण्यासारखं राहिलेलं नाही.” शेवटचं वाक्यही त्यांनीच सुचवलं होतं: ‘आणि ती दूर दूर निघून गेली.’ मावशीने ते कागदावर उतरवून ठेवलं होतं. वाक्यात तसं वाईट काही नव्हतं. पण ते वाचताना दर वेळी तिला पाणी प्यावंसं वाटे.

सकाळी शाळेची मुलं आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या बाई होत्या आणि त्या दर दोन मिनिटांनी “हळू बोला!” असं इतक्या मोठ्याने सांगत की खालचा सायकलवाला वर बघे.

मावशीने प्रत्येकाच्या हातात एकेक भिंग दिलं. “चला, गोगलगाय शोधा.”

मग काय विचारता! सगळी पहिली खोली भिंतीला चिकटली. “सापडली! हत्तीच्या नखावर!” “माझी ढगात आहे!” “ढगात कशी जाईल रे, येडा का?” “पावसातून पडली असेल.” “पडली तर खाली येईल ना!”

एका मुलाने चित्रातल्या कोऱ्या जागेवर बोट रोखलं. “इथे रंग संपला होता का?”

“नाही रे. तिथे छापताना मजकूर बसतो. बाबा चित्र काढायच्या आधी शब्दांची जागा राखून ठेवायचे. मोठा मजकूर असेल तर मोठी जागा, छोटा असेल तर छोटी.”

“म्हणजे गाडीत रुमाल टाकून जागा धरतात तशी?”

“अगदी तशी,” मावशी म्हणाली. ही उपमा तिला आवडली.

मधल्या खोलीत आल्यावर मुलं जरा शांत झाली. चिंचोळ्या खोलीत माणूस आपोआप शांत होतो. एक मुलगी मात्र पुढे न सरकता चौथ्या चित्रासमोर उभी राहिली. वर्गात तिला सगळे ‘पणती’ म्हणत. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होई म्हणून.

“पण ही घरी कधी येते?” पणतीने विचारलं.

“चित्रं चारच आहेत,” मावशी म्हणाली. “पुढचं आपल्याला माहीत नाही.”

“पण तुम्ही त्यांची मुलगी ना? तुम्हाला सांगितलं नाही?”

“अगं, असं विचारू नये,” बाई म्हणाल्या.

“विचारू दे हो,” मावशी म्हणाली. “नाही सांगितलं.”

पणती मागे चालत पहिल्या चित्रापाशी गेली. “पण इथे दार उघडं आहे. माझी आई मी कायमची जाणार असेन तर दार लावून घेईल. मच्छर येतात.”

सगळा वर्ग हसला. मावशीही हसली, पण तिची नजर त्या उघड्या दारावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिली.

मग सगळी वरात मागच्या खोलीत, टेबलाशी गेली. इथे मावशीचा सगळ्यात आवडता धडा होता. ती टेबलाच्या खालच्या खणाची कडी धरून नुसती उभी राही. मुलं आपोआप जवळ येत.

“हा परतचा खण,” ती म्हणाली. “प्रकाशकांना एखादं चित्र पसंत पडलं नाही की ते त्याच्या पाठीवर ‘परत’ असं लिहून धाडून द्यायचे. म्हणजे काय?”

“परत काढा!” मुलं ओरडली.

“शाबास. मी लहान असताना असे कागद मला मिळायचे, पाठीवर रेघोट्या मारायला. माझे सगळे घोडे कुणाच्या तरी चुकलेल्या झाडामागे आहेत.” तिने खण ओढला. आत चार चित्रं होती. “ही शेवटच्या पुस्तकाची. बघा, एवढे मोठे चित्रकार, पण त्यांचंसुद्धा चुकायचं. चुकलं म्हणून रडत नाही बसले. परत काढली आणि ती चांगली चित्रं आपण आत्ता बाहेर पाहिली. आता यात त्यांच्या काय काय चुका झाल्या, ते तुम्ही शोधायचं.”

मोठ्या माणसाच्या चुका शोधायच्या म्हटल्यावर मुलांच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं.

“ही उलटी चालतेय! बाहेर ती उजवीकडे चालत होती, इथे डावीकडे.”

“बरोबर. बाबांचा नियम होता, पुस्तकातल्या माणसाने पान उलटायच्या बाजूला चालायचं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो ना? तोही तसाच चालणार. नाहीतर वाचणारा पुढे, हा मागे, मधल्या मधे टक्कर!”

“रिबीन काढायची विसरले!”

“बुटांवर तपकिरी रंग सांडलाय!”

“तो चिखल आहे.”

“म्हणजे सांडलेला चिखल!”

मावशी मान डोलावत होती. हे सगळं तिला पाठ होतं. कित्येक वर्गांनी याच चुका याच क्रमाने काढल्या होत्या. फक्त पणती आज खेळात नव्हती. पायऱ्यांच्या चित्रावर तिने भिंग टेकवलं होतं आणि भिंगावर डोळा.

“पण ही चूक नाहीये,” ती शेवटी म्हणाली.

“कुठली?”

“कुठलीच. मावशी, बाहेरच्या चित्रात गोगलगाय सगळ्यात वरच्या पायरीवर होती. इथे सगळ्यात खालच्या पायरीवर आहे.”

“हो, दुसऱ्यांदा काढताना जागा बदलली असेल.”

“पण मग ही ओली रेघ कसली?”

मावशीने हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. तिला कुठलीही रेघ दिसेना. पणतीने चित्र खिडकीकडे तिरकं धरायला लावलं. “सरळ नाही, असं. ताटातलं पाणी बघतो तसं.” आणि मग दिसली. कागदावर पाण्यासारख्या पातळ, रुपेरी रंगाची रेघ, वरच्या पायरीवरून निघून वळत वळत खाली आलेली. गोगलगाय चालून गेल्यावर मागे उरते तशी.

“हे बाहेर नेऊन बघू या?” पणती म्हणाली. “पण तुम्हीच धरा. आम्हाला हात लावायचा नाहीये ना.”

मावशी ते चित्र घेऊन मधल्या खोलीत गेली आणि भिंतीवरच्या पहिल्या चित्राच्या बरोब्बर खाली ते धरून जमिनीवर बसली. मुलं तिच्या खांद्यांवरून वाकली. या घरात मुलांना वाकावं लागलं ते पहिल्यांदाच.

वरच्या चित्रात गोगलगाय पायरीवर जिथे बसली होती, नेमकी तिथूनच खालच्या चित्रातली रेघ सुरू होत होती.

“म्हणजे हे नंतरचं आहे!” पणती म्हणाली. “आधी ती इथे होती. मग ही मुलगी कुठे कुठे जाऊन आली, तोवर गोगलगाय खाली उतरली.”

“एवढ्या वेळात तीनच पायऱ्या?” मघाचा ढगवाला मुलगा म्हणाला.

“तू हो गोगलगाय, मग कळेल.”

“अगं पण,” बाई म्हणाल्या, “चित्रामागे ‘परत’ लिहिलंय ना! परत म्हणजे पुन्हा काढायचं.”

“पण बाई, तुम्ही रोज म्हणता, ‘माझा खडू घेतलाय तो परत आणा.’ तेव्हा आम्ही खडू पुन्हा काढतो का?”

बाईंनी तोंड उघडलं आणि “हळू बोला” सुद्धा न म्हणता मिटलं.

मावशी जमिनीवरून उठली नाही. तो शब्द तिने इतक्या लहानपणी ओळखला होता की त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती. घराच्या दारावरची पाटी आपण कुठे वाचतो?

पण ती मोजणीच्या कामातली बाई. एका खुंटीवरून शेताची हद्द ठरवणारी नव्हे. तिने उरलेली तिन्ही चित्रं आणली आणि एकेक करून आपापल्या जोडीदाराखाली धरली. मुलांनी भिंगं सरसावली. टपालपेटीच्या पायथ्याशी असलेली गोगलगाय खालच्या चित्रात पेटीच्या डोक्यावर होती, मागे रेघ. पुलाच्या पहिल्या फळीवरची पुलाच्या मधोमध आली होती, मागे रेघ. आणि पुलाच्या कठड्याला एका खिळ्यात अडकलेला लाल ठिपका होता, जो मावशीला आजवर रंगाचा शिंतोडा वाटत आला होता.

“रिबीन!” तिघीचौघी एकदम किंचाळल्या.

“विसरले नव्हते ते,” पणती समजूत काढल्यासारखं म्हणाली. “हरवली तिची.”

शेवटच्या जोडीत टेकडीचा माथा होता. वरच्या चित्रात ती पलीकडे उतरताना पाठमोरी. खालच्यात त्याच वाटेने वर येताना, अजून कमरेपर्यंतच दिसणारी, चेहरा सरळ आपल्याकडे. हे चित्र मावशी मुलांना नेहमी घाईने दाखवी. चेहरा उन्हात मिटलेल्या डोळ्यांचा होता आणि तिला वाटे, बाबांना तो जमलेला नाही.

मुलं कागद-खडू घेऊन पहिल्या खोलीत चित्रं काढायला बसली. मावशी मात्र मधल्या खोलीतच येरझाऱ्या घालत होती. एक शंका अजून उरली होती आणि ती बारीक नव्हती. समजा, बाबांनी मुलीचं येणं काढलं. पण ते कुणाला पसंत पडलं नसेल, ‘नको, परत काढा’ असा शेरा मारून आलं असेल आणि बाबांनी मुकाट्याने ते खालच्या खणात टाकलं असेल तर? मग शेवट टेकडीवरचाच. मग दूर दूरच.

जिन्यावर धापा ऐकू आल्या. प्रकाशककाका वेळेआधीच आले होते. एक हात कठड्यावर, एक कमरेवर.

“झाला का शेवट?” त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं. “आणि खुर्ची दे आधी. इथे उभं राहिलं की दिसत नाही आणि वाकलं की उठता येत नाही.”

तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पायऱ्यांचं चित्र पालथं करून त्यांच्या मांडीवर ठेवलं. “काका, हा ‘परत’ तुम्ही लिहिलात?”

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सारला, कागद नाकाशी नेला आणि त्याला अपमान वाटला.

“हे माझं अक्षर? माझा ‘परत’ लाल पेन्सिलीतला असायचा. लाल, आणि खाली दोन रेघा. तुझ्या बापाला एका रेघेनं कळत नसे. हे तर त्याचंच, शिसपेन्सिलीतलं, मुंगीसारखं.”

“मग तुम्ही ही चित्रं नापसंत केली नव्हती?”

“बघितली असती तर केली असती! या पुस्तकातलं एक पानही त्याने मला जिवंतपणी दाखवलं नाही. विचारलं की म्हणायचा, ‘अर्धं झालं, आता परत चाललंय.’” काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “मी म्हटलं, झालं, हा पुन्हा पहिल्यापासून काढत बसला, मुलखाचा रेंगाळ्या. दोन शब्द बोललोसुद्धा त्याला.”

“तेव्हा बाबा काय म्हणाले?”

“काय म्हणणार? हसला.”

मावशीने आता भिंतीवरच्या चार चित्रांखाली खणातली चार जोडीने मांडली आणि पणतीला हाक मारली. “ये गं. काकांना समजावून सांग. माझ्यापेक्षा तुला चांगलं येतं.”

पणतीने सांगितलं. भिंग दिलं, चित्र तिरकं धरायला लावलं, चुकीच्या बाजूला तिरकं धरल्यावर रागावली. काका एकेक जोडी बघत गेले. मधेच त्यांनी नाक शिंकरलं आणि धुळीला शिव्या दिल्या. खोलीत धूळ नव्हती.

“माझ्या दुकानात जन्म गेला त्या शब्दाचा,” ते म्हणाले. “आणि मला एकच अर्थ ठाऊक. बरं, आता मजकूर? तुझं ते दूर दूर तर गेलं बोंबलत.”

“ते तुमचं होतं, काका.”

“असेल. नवं लिही. पण एक सांगतो, या पहिल्या चित्रात तुझं ते ‘एके दिवशी सकाळी ती घरातून निघाली’ मावत नाही. मी पाहिलंय मोजून. दाराशेजारी भिंतीवर जागा सोडलीय ती ही एवढीशी. अक्षरं मुंगीएवढी करावी लागतील.”

ते खरंच होतं. पांढरा तुकडा टपालाच्या तिकिटाहून थोडा मोठा. मावशीला त्या जागेचं कोडं कायमच होतं. शब्दांसाठी जागा राखण्यात बाबा कधी कंजुषी करत नसत.

“मधल्या चित्रांत तर जागाच नाही,” पणती म्हणाली. ती भिंग घेऊन खाली वाकली होती. “पण या शेवटच्यात आहे. परतच्या पायऱ्यांत. तेवढीच.”

तेवढ्यात बाईंनी बाहेरून टाळी वाजवली. निघायची वेळ झाली होती. मुलांनी भिंगं टोपलीत टाकली आणि चप्पल-बुटांची एकच गर्दी करत जिन्याकडे धावली. “जातो मावशी!” “जाते!” “जातो!”

“जातो नाही रे, येतो म्हणावं!” मावशी सवयीने ओरडली.

घरात बाबांचाच आवाज उमटल्यासारखा झाला. किती वर्षं तीच हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, दूधवाल्यासकट, आणि सांगते आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

ती पहिल्या चित्रासमोर गुडघ्यांवर बसली. उघडं दार, पायरी, पिवळी पिशवी आणि दाराशेजारची एवढीशी पांढरी जागा. मुलीचं तोंड किंचित उघडं होतं. ते तर तिने रोज पाहिलं होतं. मुलगी दाराकडे वळून काहीतरी म्हणत होती.

मावशीने पातळ कागदाचा तुकडा त्या जागेवर धरला, पेन्सिल घेतली आणि बेताच्या, पुस्तकी अक्षरात लिहिलं: येते.

शब्द मावला. वर, खाली, दोन्ही बाजूंना सारखी हवा राहिली. हद्द मोजून दगड बसवावा तसा.

पणती अजून गेली नव्हती. एक बूट पायात, एक हातात. तिने वाचलं आणि मान हलवली. मग परतच्या पायऱ्यांकडे बोट केलं. “पण मग इथे ‘आले’.”

“आले,” मावशी म्हणाली. तिने तो शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहिला, दारातून आत शिरताना म्हणतात तसा, जरा लांबवून. मग लिहिला.

“दोन शब्द?” काका खुर्चीतून ओरडले. “अख्ख्या पुस्तकाचे दोन शब्द? आणि मधे काय?”

“मधे मुलं बोलतील,” मावशी म्हणाली. “आत्ता ऐकलंत ना, किती बोलतात.”

“लोक विचारतील, लेखिका झोपली होती का?”

“सांगा, वडिलांवर गेलीय.”

जिन्यातून बाईंची हाक आली. या खेपेला खरोखर हळू. पणतीने दुसरा बूट चढवला. उंबऱ्यात ती थबकली, वळली आणि पहिल्या चित्रातल्या मुलीसारखं तोंड करून म्हणाली, “येते.”

“ये,” मावशी म्हणाली.

दुपारभर तिने खिळे ठोकले. परतची चार चित्रं तिने आधीच्या चार चित्रांच्या खाली लावली, जोडीला जोडी. आता आत जाताना वरची रांग बघायची आणि खिडकीपाशी वळून बाहेर येताना खालची. म्हणजे येताना ती मुलगी तुमच्या बरोबरीने घराकडे चालते. खालची रांग इतकी खाली आली की ती नीट बघायची तर मोठ्या माणसाला बसकणच मारायला हवी.

प्रकाशककाकांनी ती मारली. कुरकुरत, भिंतीचा आधार घेत, पण मारली. शेवटच्या पायऱ्यांसमोर ते बराच वेळ भिंग घेऊन बसले होते.

“एक मला सांग,” ते म्हणाले. “ही गोगलगाय घराशी होती, वरच्या पायरीवर, सुखाने. ही पायऱ्या उतरून चाललीय कुठे?”

मावशी हातोडी पुसत होती. “तिला आणायला.”

“आणायला! अगं, ती पोरगी टेकडी चढून-उतरून, रिबीन हरवून दारात येऊन ठेपली, आणि ही अजून शेवटच्या पायरीवर!”

“असू दे,” मावशी म्हणाली. “बाबा निघाले तर होते ना, काका.”